पाचव्या मजल्याचं दार

बायको: मी कुठलीही तक्रार केलेली नाही. पुन्हा विचारू नका, आणि असं खाली लिफ्टपाशी बोलावू नका.

निरीक्षक: फोनवरून नोंदवली आहे. तक्रारदार म्हणून आपलं नाव, पत्ता हाच, पाचवा मजला. “लिफ्टमधून कुरकुर आवाज येतो, जीव घाबरा होतो, तातडीने माणूस पाठवा.”

बायको: जीव घाबरा? माझा? तुमच्याशी लग्न करताना नाही झाला, तो लिफ्टच्या आवाजाने होणार?

निरीक्षक: कृपया घरगुती विषय नकोत. मी इथे सरकारी लिफ्ट निरीक्षक म्हणून आलोय. नवरा म्हणून नाही.

बायको: ते दिसतंच आहे. नवरा म्हणून यायला अख्खा महिना पुरला नाही. निरीक्षक म्हणून कसे धावत आलात! खरं सांगा, ही तक्रार तुम्हीच रचलीत ना? माहेरच्या इमारतीत शिरायला काहीतरी निमित्त हवं म्हणून?

निरीक्षक: सरकारी कामात मी खोटेपणा करीन? उलट मला वाटलं, तूच... आपणच निमित्त काढलंत, मला बोलवायला.

बायको: अहाहा! म्हणजे मी झुरतेय इथे?

निरीक्षक: तसं मी म्हटलं नाही.

बायको: आणि तुमच्या खात्यात दुसरं कोणी नव्हतं यायला?

निरीक्षक: एक जण रजेवर आहे.

बायको: आणि दुसरा?

निरीक्षक: दुसऱ्याला मी... दुसरीकडे पाठवला.

बायको: असं होय.

निरीक्षक: कामाची विभागणी असते. ते जाऊ दे. बाबा कुठे आहेत?

बायको: बागेत, पत्ते कुटायला गेलेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय, जिना मात्र बिलकुल नाही. लिफ्टने उतरतात, रमतगमत जातात, हरून येतात. तुम्ही कान लावून बघा काय तो आवाज, सही करा आणि निघा.

निरीक्षक: कान लावून तपासणी होत नसते. लिफ्ट इथे खालीच थांबवून ठेवतो. आता प्रत्येक मजल्यावर जिन्याने जायचं आणि बाहेरचं सरकतं दार ओढून बघायचं. लिफ्ट समोर नसेल तर ते उघडता कामा नये. तक्रारदाराने सोबत असलं तर बरं.

बायको: मी तक्रारदार नाही!

निरीक्षक: मग रहिवासी म्हणून चल.

बायको: चला. नाहीतर म्हणाल, सरकारी कामात अडथळा आणला.

निरीक्षक: हा पहिला मजला. ओढलं. नाही उघडत. ठीक.

बायको: घरी पण असंच चालायचं. कुकरची शिट्टी, ठीक. गॅसची नळी, ठीक. स्टुलाचा पाय, डुगडुगतोय, वापरू नये. न्हाणीघरातलं पायपुसणं, घसरतंय, वापरू नये. सरकारने तुझ्याकडे लिफ्ट सोपवल्या होत्या रे, तू घरही ताब्यात घेतलंस.

निरीक्षक: दुसरा मजला. ठीक. त्या स्टुलावरून तूच पडली असतीस.

बायको: पडले नाही पण.

निरीक्षक: कारण मी पाय बसवून घेतला.

बायको: एक माझं नशीब, की तू अन्नाच्या खात्यात लागला नाहीस. रोज जेवणाचे नमुने बाटलीत भरून नेले असतेस. नाहीतर वजनमापाच्या खात्यात. मग काय, मलाच काट्यावर उभी केली असतीस.

निरीक्षक: त्यात काय? दोन बाजूंना दोघं बसलो असतो.

बायको: हसवू नकोस. चढताना दम लागतो मला.

निरीक्षक: तिसरा. जरा थांबू या का?

बायको: दम तुला लागलाय, आणि थांबायचं माझ्या नावावर!

निरीक्षक: ठीक.

बायको: दार ठीक की तू?

निरीक्षक: दार. माझं काही ठीक नाहीये. घरात आवाज नाही कसलाच. काल मी पाणी तापत ठेवलं आणि बसून राहिलो. भांडं कोरडं झालं, तळ काळा पडला. लक्षातच नाही आलं.

बायको: तू? तू गॅस चालू विसरलास?

निरीक्षक: कोणाला सांगू नकोस.

बायको: सांगणार! तुझ्या आईला तर आजच सांगणार. चौथा मजला. मीच ओढते. हं, नाही उघडत. लिहा साहेब, ठीक.

निरीक्षक: एकदा सरळ सांग ना. नक्की कशावरून गेलीस? झोपाळ्यावरून?

बायको: झोपाळा बाबांनी स्वतःच्या हाताने टांगला होता, माझ्यासाठी. मी बाजारातून आले तर गॅलरी मोकळी, आणि झोपाळा माळ्यावर.

निरीक्षक: कडी झिजली होती. तू बसली असतीस आणि...

बायको: झिजली असेल! कडीबद्दल मी कधी भांडले? मला आधी सांगितलं का नाहीस? दोन शब्द. “बघ गं, हे काढावं लागेल.” मी स्वतः स्टूल धरलं असतं. तू घराला कुलपं लावत सुटतोस आणि आत माणूस राहतं हे विसरतोस.

निरीक्षक: मला वाटलं, सांगितलं तर तू काढू देणार नाहीस.

बायको: नसतं दिलं लगेच. वाद घातला असता. वाद घालायला तरी कोणी हवं ना घरात? हा आला पाचवा. आमचं दार. लवकर ओढ, आणि तो कुरकुर आवाज कुठून येतो तेही शोध, म्हणजे...

निरीक्षक: मागे सर.

बायको: काय झालं?

निरीक्षक: भिंतीपाशी जा. आत्ता. थट्टा करत नाहीये मी.

(दार उघडलं आहे. पलीकडे लिफ्ट नाही. नुसते दोर, आणि खाली अंधार.)

बायको: हे... हे असं कसं उघडलं?

निरीक्षक: कुलूप झिजलंय. जरा झटका दिला की सुटतं. थांब, आधी लावून घेतो. हं. आता ये इकडे, बस पायरीवर.

बायको: काल संध्याकाळी मी याच दाराला टेकून उभी होते. घरात फोनला रेंज नाही म्हणून. तासभर तरी बोलत होते.

निरीक्षक: टेकून? कोणाशी बोलत होतीस?

बायको: तुझ्या आईशी. तुझ्या तक्रारी सांगत होते.

निरीक्षक: हात दे इकडे.

बायको: असा हात घट्ट धरू नकोस, दुखतोय. अरे, तूही बसलास पायरीवर?

निरीक्षक: चढून आलोय. दम लागलाय.

बायको: बरं. दम लागलाय.

निरीक्षक: ऐक. ही लिफ्ट मी बंद करणार. कुलूप बदलेपर्यंत, पुन्हा तपासणी होईपर्यंत. सील लावायच्या आधी तुला सांगतोय. बाबांचे हाल होतील, मला माहीत आहे. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. वाद घाल हवं तर.

बायको: हे कधी शिकलास?

निरीक्षक: महिनाभर भिंतींशी बोलून.

बायको: लाव सील. माझा काही वाद नाही. चल, खाली जाऊ, बाबा यायची वेळ झाली. ते आले की सरळ लिफ्टमध्ये शिरतात.

(तळमजला. निरीक्षक लिफ्टच्या दाराला सील लावतो, तेवढ्यात सासरे बागेतून येतात.)

सासरे: अरे वा! जावईबापू! आणि दोघं एकाच जागी उभे! आज बागेत हरलो, पण दिवस फुकट नाही गेला. चला वर, गप्पा मारू. हे दाराला काय बांधलंय?

निरीक्षक: बाबा, लिफ्ट बंद केली आहे. वापरता येणार नाही.

सासरे: कोणाला?

निरीक्षक: कोणालाच.

सासरे: एक फेरी. मला वर पोचव, मग खुशाल बंद कर.

निरीक्षक: नाही.

सासरे: अरे, मी सासरा आहे तुझा!

निरीक्षक: म्हणून तर नाही.

सासरे: बघ गं, हा असा. मी तुला सांगत नव्हतो, याच्या अंगात माणूस कमी, शिक्का जास्त? तूच समजाव त्याला.

बायको: बाबा, आपल्या मजल्यावरचं दार लिफ्ट नसताना उघडतंय. मी डोळ्यांनी बघितलं. त्याने बंद नसती केली तर मी केली असती. त्याला एक शब्द बोलायचा नाही.

सासरे: उघडतंय म्हणजे? खरोखरच बिघडलीये?

बायको: खरोखरच म्हणजे काय, बाबा?

सासरे: काही नाही. सहज म्हटलं.

निरीक्षक: बाबा, फोनवर आमच्या कारकुनाला नाव कोणी सांगितलं?

सासरे: कारकून मोठा सभ्य माणूस. मी म्हटलं, मुलगी घाबरट आहे, बोलायला लाजते, तिच्या नावाने लिहा. त्याने लिहिलं.

बायको: बाबा!

सासरे: मग काय करू? महिनाभर तू खिडकीत, हा तिकडे. एकाला फोन उचलायचा नाही, दुसऱ्याला जिना चढायचा नाही. मी विचार केला, हा सासऱ्याच्या बोलावण्याने येणार नाही, बायकोच्या रुसण्याने येणार नाही, पण लिफ्ट कुरकुरली म्हटलं की जेवणावरून उठून येईल.

निरीक्षक: खोटी तक्रार देणं गुन्हा आहे, बाबा.

सासरे: खोटी कुठे ठरली? उलट तुझ्या खात्याने माझा सत्कार करायला हवा.

बायको: हसू नका बाबा. काल मी त्या दाराला टेकले होते.

सासरे: कोणत्या... आपल्या? तू?

बायको: हो.

सासरे: जरा ती खुर्ची द्या रे. बसतो.

निरीक्षक: पाणी आणू?

सासरे: नको. जावईबापू, ते शिक्क्याचं बोललो ना मी, ते मागे घेतलं. आणखी एक सील लाव. दोन लाव.

निरीक्षक: एक पुरतं, बाबा.

बायको: आता पुढे काय? यांना पाच मजले चढता यायचे नाहीत. घर वर, हे खाली.

सासरे: माझी काळजी नको. या खुर्चीवर बसून राहीन. येणारेजाणारे दया करतील, कोणी चादर देईल. तळमजल्यावर घर असलेलं एखादं जवळचं माणूस असतं तर गोष्ट वेगळी. आहे का गं तुझ्या ओळखीत कोणी?

बायको: पुरे झालं नाटक.

निरीक्षक: आमचं घर तळमजल्यावर आहे, बाबा. पायरीसुद्धा एकच. तिला कठडा लावून घेईन. म्हणजे... तुला चालेल का? आधी विचारतोय.

बायको: मला काय विचारतोस? पाहुणे तुझ्याकडे येणार.

निरीक्षक: त्यांना गोळ्या वेळेवर द्यायच्या असतील. गुडघा शेकायचा असेल. मला त्यातलं काही कळत नाही. परवा भांडं जाळलं मी.

बायको: काल म्हणालास.

निरीक्षक: परवासुद्धा.

सासरे: देवा! या माणसाच्या हाती मला एकट्याला देणार आहेस का तू?

बायको: कळतात मला तुमच्या दोघांच्या खेळ्या. बसा इथेच. मी वर जाऊन गोळ्या आणि तुमचे कपडे घेऊन येते.

निरीक्षक: थांब, मी येतो. बॅगा जड होतील.

बायको: बॅगा? बाबांची एकच तर होईल.

निरीक्षक: बरं. एक.

बायको: दोन होतील. चल. आणि दारापासून लांबून चालायचं, कळलं का?

सासरे: जावईबापू, जायच्या आधी एवढं सांग. हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?

निरीक्षक: कुलूप बसवणं कंपनीच्या हातात, बाबा. पण ते बसलं की पुन्हा तपासणी करून सील काढणं माझ्या हातात.

बायको: मग नीट तपास. घाईघाईत केलेलं मला आवडत नाही.