काटी लावलेल्या घराची पट्टी

माह्यं माहेर देऊळघाटचं, बाप माळी, बुलढान्याच्या बाजारात वांगे-मेथी इकनारा, अन् मले देल्लं घाटाखाली, मोताळ्याच्या अंगाले एका लहान्या गावात, गावाचं नाव मातर लिहू नका गुरुजी, त्या गावात मले अजून राहाचं हाये, अन् ज्या लोकाहीची गोष्ट हाये त्याहीचे पोरं मले आज काकू म्हनतात, माह्या डोक्यावरची घागर उतरवू लागतात. पन सांगा म्हनता तं सांगते, अन् रागानंच सांगते, कारन या गोष्टीले लय वर्सं झाले तरी माहा राग काई थंडा झाला नाई.

घराची गोष्ट हाये. मले वाटनीत घर नव्हतं भेटलं. वाटनी झाली तवा आमच्या वाट्याले आलं थोडंसं वावर, एक मोकळी जागा, अन् बोळीच्या पल्याड ढोराचा कोठा. घर आमी बांधलं, मी अन् माह्या घरच्या मानसानं. माती आनली, तिच्यात गव्हाचं भुसकट टाकलं, अन् दिवसभर वावरात राबून आल्यावर दोघं जनं चिखल तुडवो, मी पोटुशी होती तवा, अन् आत्याबाई, म्हंजे माही सासू, ओसरीतून वरडे का पोरी, पाय घसरन, पन मी कायची ऐकते. दोन खनाचं घर, वरतं मातीचं धाबं. धाब्यावर माती टाकाच्या दिवशी अख्खी गल्ली आलती, टोपले हातोहात वरतं गेले, अन् मी सगळ्याईले वरन-भात-वांग्याची भाजी वाढली. पोरगी त्याच घरात झाली. आता मले सांगा, असं घर कोनाचं असते?

पोरगी चालाले लागली अन् माह्या घरच्या मानसाले मोतीझरा झाला. मोताळ्याचा डाक्टर आनला, सुया देल्ल्या, पन तो गेला, घरातच गेला. भटजीनं पंचांग पाह्यलं, म्हने पंचकात गेला, घर सहा महिने सोडा. तुमी शिकेल मानसं हसान, पन आमच्या गावात हे असंच हाये. पंचकात मरन झालं का ते मरन त्या घरात आनखी कोनाले बोलावते म्हनतात, म्हनून घराले कुलूप लावाचं, दारात बाभळीची काटी आडवी बांधाची अन् दुसरीकडं जाऊन राहाचं. आनखी एक नेम असते, अन् सगळं बिघडलं ते या नेमानं. जोवर काटी हाये तोवर त्या घराले आपलं म्हनाचं नाई. कोनी इचारलं का हे घर कोनाचं, तं म्हनाचं, आमचं नाई. मरनाले पत्ता लागू नाई म्हनून. गावातल्या एकूनएक घरानं कवा ना कवा हे पाळेल हाये, सरपंचाच्याबी, पंचाच्याबी, ध्यानात ठेवा.

आमी गेलो कोठ्यात. एका अंगाले गाय अन् गोऱ्हा, दुसऱ्या अंगाले मी, आत्याबाई, पोरगी अन् चूल. दाराले पोत्याचा पडदा. गाय अशी मायेची होती का पोरगी निजली का तिचे केस चाटे, अन् पोरगी झोपीत हासे, अन् मी तिकडं तोंड करून रडो. कोठ्यातून बाहीर पाह्यलं का समोर आपलंच घर, काटी लावेल, अन् त्याले आपलं म्हनाची सोय नाई. तसे दिवस कोनावर येऊ नाई.

त्याच दिवसांत आमच्या गावात नवी ग्रामपंचायत बसेल. महाराष्ट्र झालता, मंडप टाकून भाषनं झालते, म्हने आता गावाचं राज गावाच्या हाती. मले आनंदच झालता, खोटं कायले बोलू. मंग म्हने गाव चालवाले पैसा लागते, दिवाबत्ती लागते, तं घरपट्टी बसन, घरं मोजाले येतीन. बरं बाप्पा, मोजा. ज्या दिवशी मोजाले आले त्या दिवशी मी धामनगाव बढ्याच्या बाजारात वांगे घेऊन गेलती, पोट तं कोन्या पंचकात थांबत नाई. घरी एकटी आत्याबाई. आला ग्रामसेवक, पोरसवदा, पुन्याकडचा, हातात फीत, अन् संगं आमच्याच गल्लीचा पंच, अन् मांगं कोतवाल. ग्रामसेवक म्हने, आजी, तुम्ही कुठे राहता? आत्याबाई म्हने, अठी राह्यतो, कोठ्यात. खरंच होतं ते. म्हने, मग समोरचं बंद घर कोणाचं? अन् आत्याबाईनं नेम पाळला, म्हने, ते आमचं नाई. त्यानं पुन्ना इचारलं, नक्की नाही ना? म्हने, नाई रे बाप्पा, ते आमचं नाई.

तठीच माहे चुलत भासरे उभे होते, म्हंजे माह्या घरच्या मानसाचे थोरले चुलतभाऊ, नाव घेत नाई मी त्याहीचं, भासरे पडतात. ते म्हने, सायेब, आमच्या खानदानीची जागा हाये, लावा माह्या नावावर, पट्टी मी भरीन. लागलं नाव. अन् तो पंच, ज्यानं त्याच घराच्या धाब्यावर माह्या हातानं भरेल टोपले टाकले होते, माह्या हातचं जेवला होता, तो तठी उभा राहून आभाळाकडं पाहून राह्यला होता. काऊन? तं निवडनुकीत भासऱ्याचं अख्खं खटलं त्याच्या मांगं होतं म्हनून. अन् कोठ्यात चूल दिसली, भांडे दिसले, तं कोठा लिहिला राहतं घर, अन् त्याच्यावर बसवली घरपट्टी, आमच्या नावावर. म्हंजे घर गेलं भासऱ्याकडं, अन् माह्या गाईले झालं घर!

हे मले कवा समजलं? दवंडी झाली तवा. कोतवाल डफ वाजवत आला, म्हने घराची यादी चावडीवर लावली हाये, कोनाची हरकत असन तं येऊन सांगा, मंग ऐकून नाई घेनार. मले वाचता येत नाई, पन शेजारच्या पोरानं वाचून सांगतलं. गेली मी चावडीवर. बाईमानसानं, अन् तेबी नवरा मरून वरीस नाई झालं तवा, चावडीवर जाऊ नाई असं गावाले वाटे, तरी गेली. म्हनलं, सायेब, नावाची चूक झाली. म्हने, कुठल्या घराच्या? म्हनलं, कोठ्यासमोरच्या, काटी लावेल हाये ते. म्हने, बरं, ते कोणाचं आहे? आता आली का पंचाईत! माह्यं म्हनाव तं घरी दुधावरची पोरगी. म्हनलं, ज्याचं हाये त्याच्याच नावावर राहू द्या. म्हने, बाई, पण ते कोणाचं? म्हनलं, ज्याहीनं बांधलं त्याहीचं. म्हने, कोणी बांधलं? म्हनलं, तुमच्या बाजूले पंच बसेल हाये, त्याले इचारा. पंच मिशीवरून हात फिरवून राह्यला होता, म्हने, मले काय माहीत, म्हातारीनं सोताच्या तोंडानं आमचं नाई म्हनून सांगतलं. ग्रामसेवक तसा वाईट नव्हता, तो म्हने, बाई, घर माझं आहे एवढं म्हणा, मी आत्ता लिहून घेतो.

एवढाच शबूद होता गुरुजी. अन् तो माह्या तोंडातून निंघे नाई.

घरी आली, आत्याबाईले म्हनलं, आपल्याले सांगाच लागन. तिनं पोरीले छातीशी धरलं अन् मले म्हने, लेक गेला, आता नात घालू का त्या कागदाच्या मढ्यावर? घर गेलं तं जाऊ दे, पोरगी ठेव. माह्याबी काळजात तेच होतं. मुदत निंघून गेली. पन मले राग आत्याबाईचा नाई, त्या परगावच्या सायेबाचा तं नाईच, त्याले काय माहीत आमच्या काटीचं. मले राग त्या पंचाचा. नेम आमाले होता, त्याले कायचा नेम? त्याच्या तोंडाले कोनी काटी बांधली होती? एक शबूद बोलला असता का हे घर हिचं हाये, तं आमचा नेमबी राह्यला असता अन् घरबी राह्यलं असतं. पंच कायले निवडून देतात मंग, खुर्चीवर बसून मिशा कुरवाळाले?

कोठ्याची पट्टी आली, ते भरली मी, वांगे इकून भरली, का सरकारशी बाकी नको. सहा महिने सरले, भटजीनं शांत केली, अन् आमी काटी सोडाले गेलो, पोरगी कडेवर, आत्याबाईच्या हातात पान्याचा तांब्या. पाहते तं काय, माह्या कुलपाच्या वरतं दुसरं कुलूप, नवंकोरं! भासरे आले, कागूद दाखवून म्हने, पट्टी मी भरली हाये, ही पावती, आता या घरात माही कपाशी राहीन, तुमी तं कोठ्यात सुखात हाये. सुखात! असं बोलले, मेलेल्या भावाच्या बायकोले. मी पोरीले खाली ठेवलं. कोठ्यात गेली, वरवंटा आनला अन् घातला त्या कुलपावर. कुलूप मोठं पक्कं, ते काई तुटलं नाई, कडीच उखडली, माह्याच दाराची कडी, माह्या मानसानं लावेल. तेवढं वाईट वाटलं. बाकी दार लाथेनं उघडलं अन् आत गेली, अन् पदर डोक्यावर घेऊन आत्याबाईले म्हनलं, या आत.

भासऱ्यानं चावडीवर सांगतलं, बाई घर फोडून राह्यली. बोलावनं आलं. गेली मी, आत्याबाईबी काठी टेकत संगं आली. सरपंच, पंच, सगळं गाव जमेल. मले इचारलं, काऊन फोडलं बे कुलूप? बे म्हनलं मले! मी म्हनलं, सरपंचभाऊ, तुमचे आबाजी गेले तवा तुमी अंबाईच्या देवळात राहाले गेलते, तवा तुमच्या वाड्याले कोनी कुलूप लावलं होतं का? तुमाले लोकं इचारत, वाडा कोनाचा, तं तुमी आमचा नाई म्हनत, मंग कोनी लिहून घेतलं का? अन् हे पंच, यांच्या मायच्या वक्ताले यांच्या दारातबी काटी होती, तवा गावानं यांचं घर राखलं का वाटून खाल्लं? मानसाच्या मरनात हात घालून घर काढता तुमी, लाजा वाटत नाईत? मंग आत्याबाई उठली, जिनं जलमात कवा चावडीची पायरी चढली नव्हती, अन् म्हने, आता काटी सुटली हाये, आता आयका, ते घर आमचं हाये, माह्या लेकाचं अन् या सुनेचं, मी चिखल तुडवताना पाह्यली हाये ईले.

ग्रामसेवक म्हने, मुळात पट्टी भरल्याने कोणी मालक होत नाही, पट्टी ही पट्टी असते, मालकी वेगळी. म्हनलं, मंग सायेब, हे तवाच काऊन नाई सांगतलं, माह्या तोंडाकडं काऊन पाहत बसले? म्हने, तुम्ही विचारलं नाही. आता तुमीच सांगा गुरुजी, ज्याले काईच माहीत नाई त्यानं काय इचाराचं असते हे त्याले कसं माहीत असन?

पुढच्या बैठकीत नाव बदललं. तठीबी पंच म्हने, मयताचं नाव लावा. म्हनलं, मेलेला मानूस पट्टी भराले येनार हाये का? भरनार मी, नाव माह्यं लिहा. लिहिलं. पन कोठ्याचं म्हने आता पुढच्या मोजनीपोतर बदलत नाई, ते चार वर्सानं. तं चार वर्सं घराचीबी भरली अन् कोठ्याचीबी घर म्हनून भरली. माही गाय या गावातली पट्टी भरनारी एकटीच गाय होती. अन् ज्या दिवाबत्तीसाठी भरली तो कंदील लागला सरपंचाच्या दारात, आमच्या बोळीत अजून अंधार हाये. दर साली पट्टी भराले गेली का मी इचारते, आमचा कंदील कुठं हाये? म्हनतात, बाई, तुमी लय बोलता. हो, बोलते. एक डाव चूप राह्यली होती, पाह्यलं काय झालं ते.

आत्याबाई त्याच घरात गेली, म्हातारपनानं, चांगल्या नक्षत्रावर. पोरगी लगनाची झाली हाये. अन् आता पुन्ना मोजनी आली, कालच दवंडी झाली. मांगच्या गल्लीत एक कवळी पोर हाये, तिचा नवरा मांगल्या महिन्यात गेला, पंचकातच गेला, घराले काटी हाये अन् सोता लेकरू घेऊन मामसासऱ्याच्या कोठ्यात बसेल हाये. आज इहिरीवर मले हळूच म्हने, काकू, उद्या ते इचारतीन तं मी काय सांगू, माह्यं म्हनू का नको म्हनू? तिच्या डोळ्यात तेच भेव पाह्यलं म्या.

म्हनलं, तुह्या मनाले भेव वाटते ना, तं तू काईच नको बोलू, लेकराले मांडीवर घे अन् बस. मी सकाळीच भाकर बांधून तुह्या दाराशी येऊन बसते का नाई पाह्य. ते फीत काढतीन, इचारतीन कोनाचं घर, तं मी सांगीन, नाव घेऊन सांगीन, अन् तो लिहीपोतर तठून हालनार नाई. जाय पोरी, तुह्यं लेकरू सुखानं वाढो त्या घरात.