हवेच्या यंत्राची कुरकुर

नानाइमो बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या डेल्फीनला निर्मात्याचा निरोप आला होता : 'पुढच्या भागात यानातलं हवेचं यंत्र पुन्हा बिघडवू नकोस. भविष्यातली यंत्रं बिघडतात हे कुणाला पटणार?' अंतराळयानावरची ती टीव्ही मालिका डेल्फीननेच लिहिलेली होती. तिच्या पुढचं म्हातारं जोडपं नेमकं त्याच मालिकेविषयी बोलत होतं.

"लॉर्न, जन्मभर असल्या मालिकांना नाकं मुरडलीस, आणि आता दर मंगळवारी माझ्याआधी सोफ्यावर बसतोस."

"त्या हवेच्या यंत्रासाठी बसतो."

"शेवाळावर चालणारं यंत्र? काहीतरीच."

"शेवाळाचं सोड गं. गाळणी तुंबली की ते कुरकुरतं, माणसांची डोकी दुखायला लागतात, आणि त्यातली ती मेकॅनिक बाई पाना उचलायच्या आधी त्याला कान लावते. पाणबुडीवर तेवीस वर्षं मी तेच केलं, नोरीन."

"कधी बोलला नाहीस ते."

"हवा चांगली असली की तिची चौकशी कोण करतं? त्या दिवशी तू विचारलंस, ती कान का लावते, तेव्हा पहिल्यांदा बोललो."

"दोन तास बोललास. जेवण गार झालं."

"अजून पुष्कळ राहिलंय. ते पुन्हा बिघडलं की सांगेन."

डेल्फीनने रांगेतून बाजूला होऊन निर्मात्याला फोन लावला.

"यंत्र बिघडणार."

"लोकांना पटणार नाही, डेल्फीन."

"पाणबुडीची हवा तेवीस वर्षं सांभाळलेला माणूस इथे उभा आहे. त्याला पटलंय. देऊ फोन?"



"बरं, बिघडू दे. पण किती वेळ?"

"अख्खा भाग," ती म्हणाली आणि ताठ मानेने रांगेत परतली.