दोन तासांची दाढी

ताई : पुरुषाला संध्याकाळपर्यंत दाढीचे खुंट येतातच गं. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय?

धाकटी : खुंट नव्हते, ताई. चिमटीत धरता येईल एवढी दाढी होती. सकाळी इथून गुळगुळीत गालांनी गेला, दुपारी काम आटोपून परतीच्या विमानात बसताना फोनवर चेहरा दाखवला, तेव्हाही तसाच. हजारेक किलोमीटरचं अंतर, दोन तासांचा प्रवास. मी घ्यायला गेले, तर समोरून आलेला माणूस माझा नवरा आहे हे मला आधी कळलंच नाही.

ताई : विमान भलतीकडे थांबलं असेल कुठेतरी.

धाकटी : विमानतळावर चौकशी केली. वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. वर तिथले लोक हसले माझ्यावर. आणि दाढीचं सोड. पँट कमरेत ढगळ, पट्ट्याला एक जास्तीचं भोक. कशाने पाडलंस म्हटलं, तर पट्ट्याकडे बघत राहिला. डोळा लागला आणि उतरलो, एवढंच सांगतो. पण मला बघितल्यावर माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, ‘आहेस ना?’

ताई : डॉक्टर?

धाकटी : रक्तात काही सापडलं नाही. पोटभर जेवा म्हणाले. त्याने विमानाचं नाव टाकलंय. आता रेल्वेने जातो आणि उतरला की आधी हनुवटी चाचपतो.

ताई : जावईबापू आधीच हळवे. तू तरी मनाला लावून घेऊ नकोस.

धाकटी : सोडलंच होतं मी. पण काल एक बाई आली. विमानात याच्या शेजारी बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. याचं ऑफिसचं ओळखपत्र, त्यावरचा पत्ता शोधत, द्यायला आली होती. बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेलं सापडलं म्हणाली. त्याच्या कोपऱ्यावर चावल्याच्या खुणा होत्या.

ताई : बाळं काय, हाताला लागेल ते चावतात.

धाकटी : विमानात चढताना त्याला दातच नव्हता, ताई. उतरल्यावर आजीने घेतलं, तर तिच्या बोटाला चावलं. अंगडं पोटावर आखूड झालेलं. ती बाईही म्हणते, डोळा लागला होता.

(ताई हातातली बशी पुसायची थांबते.)

ताई : मग बोलले का दोघं? ओळख पटली?

धाकटी : तीही याला ओळखत नव्हती, हाही तिला. चहा घेतला, अवघडून बसलो. बाळ माझ्याकडे यायला तयार नाही, रडून घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात हा उठला, तर बाळाने त्याच्याकडे झेप घेतली.

ताई : जावईबापूंकडे? माझ्या लेकीला कधी उचललं नाही त्यांनी. मान लचकेल म्हणून घाबरायचे.

धाकटी : त्यानेच. डाव्या खांद्यावर घेतलं, पाठीवरून उलटा हात फिरवला. क्षणात झोपलं. ती बाई म्हणाली, ‘याला असंच लागतं. तुम्हाला कसं कळलं?’

ताई : काय म्हणाले?

धाकटी : बाळाच्या पाठीवरून हात फिरवतच राहिला. ती निघायला उभी राहिली, हात पुढे केले तिने. त्याला बाळ देववेना, ताई.