अक्रोडाखालची जागा

—नाही, नाही, बसा! पाणी देतो म्हटलं ना, कॅन तिथंच दारापाशी ठेवा, पाणी कुठं पळून जात नाही. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडलंत तर तोंड भाजून घ्याल—आमच्या घाटात दरवर्षी एखादा तरी शहाणा भाजून घेतोच. आणि आज? आज संत जॉर्जचा दिवस, आमच्या घराण्याची स्लावा, कुलसंताचा सण, आणि दारात आलेला माणूस नुसतं पाणी घेऊन गेला असं झालं, तर माझा बाप थडग्यातून उठून माझ्या कानाखाली वाजवेल. बसा. ही राकिया घ्या, आमच्याच आलुबुखाराची दारू आहे. गाडी चालवायचीय? ती सगळ्यांनाच चालवायची असते हो—अर्धा पेला घ्या. गाडी फाटकातल्या अक्रोडाखाली लावलीत ना, मी खिडकीतून ओरडलो तशी? बरं केलंत. सावली आहे तिथं. आणि ती रिकामी जागा सकाळपासून नुसती डोळ्यांत खुपत होती.

काय बघताय, एवढी पानं कशाला मांडलीत? येतील हो. दरवर्षी येतात. कोकरू भाजून तयार आहे, हॅम आहे, चीज आहे, गव्हाचा गोड प्रसाद झाकून ठेवलाय—चमचाभर घ्या, उठा, उभं राहून घ्यायचा असतो, क्रॉसची खूण करा, हां. बेलग्रेडचे ना तुम्ही? तुमच्याकडे म्हणे हल्ली स्लावालासुद्धा फोन करून बोलावतात. फोन करून! इथं नाही चालत. स्लावाला बोलावणं नसतं. ज्याला यायचंय तो येतो, आपण दार उघडं ठेवायचं आणि गप्प बसायचं. बोलावलं म्हणजे संपलंच की, म्हणजे माझ्या घरावर पाहुण्यांची भीक मागायची पाळी आली. शेजारी येऊन गेले सकाळी, आले नाहीत असं नाही. उभ्याउभ्या एकेक पेला, आणि डोळे कुठं? तर आधी कोण बसलंय तिकडे—एकवीस तारखेच्या मतदानात देश वेगळा करायचा म्हणणारे बसलेत, की सर्बियाबरोबर राहायचं म्हणणारे. आमचा मिलिया तर उंबऱ्यावरूनच म्हणतो, 'वुकोटा, तुझा काही नेम नाही बुवा, तुझ्या घरात दोन्ही पक्ष.' मेल्या, मला दोन पोरं आहेत, त्यांना पक्ष म्हणतोस?

दोन. थोरला रादोये, तुमच्या बेलग्रेडला. रेल्वेत इंजिनिअर. आणि ती रेल्वे—बेलग्रेडहून समुद्रापर्यंतची—तिचे बोगदे आम्ही फोडलेत, हे बघा, हे बोट तिथंच राहिलं, डोंगरात. पहिली गाडी गेली तेव्हा मी चार बोटांचा हात हलवत होतो आणि रडत होतो, खोटं कशाला सांगू. धाकटा बाल्शा. पोदगोरित्साला शाळेत इतिहास शिकवतो—आणि इतिहास शिकवणारा पोरगा घरात असला की जेवणं कशी होतात म्हणून सांगू! मीठ मागायला गेलं तरी तो शंभर वर्षं मागं जातो. पण मायाळू हो. दोघंही. ईस्टरला दोघं इथं, याच टेबलाशी, रंगवलेली अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटत बसले होते, पोरं होती तेव्हा आपटायचे तशीच. आणि मग तो विषय निघाला. कोणी काढला? मीच काढला असेल. रादोये म्हणाला, 'बाबा, मला मत नाही. बेलग्रेडच्या मतदारयादीत नाव आहे म्हणून. ज्या घरात जन्मलो त्याचं काय करायचं, ते मला कुणी विचारणार नाही. तेव्हा तुमचं मत तेच माझं.' बाल्शा म्हणाला, 'वा रे वा! राहायचं तिकडं आणि हात घालायचा इकडं!' 'मग उद्या आईला भेटायला पासपोर्ट घेऊन येऊ का? शिक्का तू मारणार?' 'ये की. विचारून आत यायची सवय तरी लागेल तुला.'

असं म्हणाला. भावाला. त्याच्या आईसमोर.

रादोयेनं कोट घातला, आपल्या पोरीला उचललं आणि निघाला. तो असेल त्या टेबलाशी मी बसणार नाही, असं बाल्शा म्हणाला, आणि फाटकापाशी पोचलेला तो तिथून तेच ओरडला—शब्द न् शब्द तेच, भाऊच ना शेवटी! आणि त्या दिवसापासून आमची इकोनिया, पोरांची आई, अंथरुणाला खिळली. आत आहे, त्या खोलीत. हळू बोलू या. डॉक्टर आणला, तो म्हणाला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही म्हणे! काल तेवढी उठली, हा पाव मळला, त्यावर कणकेचा क्रॉस घातला, भाजला, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. मला म्हणाली, 'त्यांतला एक जरी आला तरी उठवा. नाहीतर उठवू नका.' उठवू नका म्हणजे काय हो? जेवायला उठवू नका? की कधीच?  

कोकरू घे अजून. आता तू म्हणतो, रागावू नकोस, माझ्या घरचं मीठ खाल्लंस ना. तुला पोरंबाळं? दोन? देवा. एक सांगतो, त्यांना भांडू दे, पण तुझ्या एका मतावरून भांडू देऊ नकोस. एकवीस तारखेला मी काय करणार? तू विचारत नाहीस, पण तुझे डोळे विचारतायत. मला माहीत नाही! सत्तरी उलटली, आणि मला माहीत नाही! रादोये बोलतो तेव्हा मला तो बोगदा आठवतो, आम्ही दोन्ही बाजूंनी खणत आलो आणि पलीकडच्या पोरांचा घण ऐकू आला तो दिवस—वाटतं, जोडलेलं तोडायचं कशाला? मग बाल्शा बोलतो, आणि मला त्याचा गणवेश आठवतो. मिसरूड फुटलं नव्हतं, उचलून नेला त्याला लढाईवर, दुसऱ्यांच्या गावावर तोफा डागायला. परत आला तो वर्षभर धड बोलला नाही. तो विचारतो, 'बाबा, मला पाठवताना तुमची सही कुणी घेतली होती?' काय सांगू? नव्हती घेतली कुणी. मग वाटतं, हाच खरा. शंभरातली पंचावन्न मतं लागणार आहेत म्हणे वेगळं व्हायला, एका म्हाताऱ्याच्या मतानं काय होतं, असं लोक म्हणतात. माझ्या घरात त्या एकाच मतानं सगळं होतं! रात्री वाटतं, त्या दिवशी जिन्यावरून पडावं. पाय मोडावा. पाय मोडलेल्याला कोण विचारतं, तू कुणाच्या बाजूचा? हसतोस काय? खरंच जिना बघून ठेवलाय मी.

आणि ऐक—तिला कळता कामा नये—मी फोन केला. हो, केला! बोलावलं. मघाशी तुम्हा बेलग्रेडवाल्यांना हसलो ना मी? काल ती पाव भाजत होती आणि मी बाहेरच्या खोलीत, तोंडावर हात धरून. रादोयेकडे नातीनं उचलला. 'आजोबा,' म्हणाली, 'बाबा सांगतायत की बाबा घरी नाहीत.' सहा वर्षांची आहे, तिला कुठलं खोटं बोलता येणार. मी म्हटलं बरं बाळा. मग बाल्शाला केला. तो म्हणतो, 'तो येणार असेल तर मी नाही.' आणि मी म्हटलं—माझी जीभ कशी झडली नाही—म्हटलं, 'तो येत नाहीये रे. तू ये.' भाऊ नसेल म्हणून ये, असं बापानं म्हटलं, स्लावाला! तो म्हणाला बघतो. बघतो म्हणजे येतो का? तुझी पोरं 'बघतो' म्हणतात तेव्हा येतात?

किती वाजले? नको, सांगू नकोस. टेबलावरची मेणबत्ती बघ, कुठवर आली. पाव दुपारच्या आत मोडायचा असतो, पाद्री सकाळीच मंत्र म्हणून, वाईन शिंपडून गेला. नेहमी आम्ही तिघं धरतो, मी आणि ते दोघं—रादोये नेहमी मोठा तुकडा मारतो आणि बाल्शा म्हणतो, यानं फसवलं. चल. ऊठ. तूच धर. देवानं पाठवलेला पाहुणा तू, तुझं रेडिएटर उगाच नाही माझ्या दारात उकळलं. दोन्ही हातांनी धर—असा—आता हळूहळू फिरवायचा, माझ्याबरोबर... मोडू नकोस अजून, मी सांगतो तेव्हा—

थांब.

ऐकलंस? खालच्या वळणावर. सायलेन्सर! फुटका सायलेन्सर, हिवाळ्यापासून सांगतोय बदल म्हणून, बदलत नाही गाढव—बाल्शा! बाल्शाची गाडी! इकोनिया! अगं इकोनिया, ऊठ! बाल्शा आला! ऐकलंस का, ऊठ, धाकटा आला! ठेव, ठेव पाव, आता तो धरेल, तू खुर्ची सरकव. ऐक, फाटकापाशी आला. थांबला. आता दार वाजेल गाडीचं. आता. उतरत का नाही? काहीतरी आणलं असेल, पोतंबितं, काढत असेल... इंजिन बंद का करत नाहीये हा?

हे काय? मागं घेतोय. वळवतोय. अरे, कुठं—बाल्शा! ए बाल्शा! अरे थांब! काय झालं? आलास ना? इथवर आलास ना रे? काय बघितलंस असं, फाटकात तर कुणी नाही, फाटकात नुसती तुमची—

तुमची गाडी.

बेलग्रेडची पाटी. अक्रोडाखाली. रादोये लावतो तिथं.

मीच लावायला सांगितली. मीच ओरडलो खिडकीतून. नाही, तुम्ही काही बोलू नका. तुमची काय चूक? तुम्हाला पाणी हवं होतं. धावून पोचाल? कुठं पोचताय, त्या उतारावर तो विमान चालवतो. आणि दरीत त्याचा मोबाईल लागत नाही, आणि लागला तरी मी काय सांगू? परत ये रे, ती गाडी तुझ्या भावाची नाही, तुझा भाऊ नाहीये इथं, ये? पुन्हा तेच सांगू? एकदा सांगितलं तेच अजून घशाखाली उतरलेलं नाही. आणि आता कोण विश्वास ठेवतो! आता तो हेच म्हणणार, बापानं खोटं सांगून बोलावलं.

शू. ऐका. उठली ती. कपाट उघडतेय... केस विंचरतेय. ईस्टरनंतर पहिल्यांदा. ऐकू येतंय तुम्हाला? स्लावाचा रुमाल शोधत असेल, तो खालच्या कप्प्यात आहे.

आलो गं! हो, हो, दमानं ये, घाई नाही. गाडी लावतोय तो. गाडी लावतोय.

तुम्ही निघा. ती बाहेर यायच्या आत. कॅन घ्या, भरलाय. हा पाव—नको, पाव राहू द्या. आणि हे बघा, इंजिन लावू नका. पुलापर्यंत उतारच आहे, ब्रेकवर पाय ठेवून नुसती सोडा, आपोआप जाईल. तिला अजून एक गाडी जाताना ऐकू यायला नको.