वरची कोथिंबीर

माझं माहेर डोंगरकडा गावचं. बाप लोकांच्या केळीत रोजानं जायचा आन माय डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची, तिच्या मागं हिंडून हिंडून मी शाळेच्या आधी वजन शिकले. मला काटा लागायचाच न्हाई. वांगे हातात घेतले की सांगायची, माय, अर्ध्या किलोला एक कमी हाये. माय काट्यात टाकून बघायची आन हसायची, म्हणायची, ह्या पोरीच्या तळहातात काटा बसवलाय. हे ध्यानात ठेवा ताई, पुढं कामाचं हाये.

लग्न करून जवळा बाजार गावाला आले. मालक वसमतला एका फोटो स्टुडिओत कामाला होते. माणूस गरीब, म्हणजे स्वभावानं. मी दहा बोलणार तवा ते एक बोलणार. मी म्हणाले, दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस फोटो धुता, आपला कॅमेरा घेऊ. मी भाजीच्या धंद्यावर कॅमेरा उभा केला, मग शूटिंगचा कॅमेरा, मग कॉम्प्युटर. सगळं मी भाव करून आणलेलं. दुकानदार घाम पुसायचे. राग माझ्या नाकावर, खोटं काहून सांगू, पण त्या रागावरच घर उभं राहिलं.

आता बाजाराची एक रीत सांगते. गिऱ्हाइकानं भाजी घेतली की वर चार काड्या कोथिंबीर टाकायची, फुकट. त्याला वरची कोथिंबीर म्हणतात. काय सांगू तुम्हाला, देताना माझ्या जिवावर यायचं, आन दुसऱ्याच्या दुकानात घेताना मी कधी सोडायची न्हाई. कापड घेतलं तर वर रुमाल, चप्पल घेतली तर वर पॉलिश. करुणाचे पप्पा बाहेर जाऊन उभे राहायचे, लाजून.

करुणा म्हणजे आमची पोरगी. एकुलती एक. सुट्टी असली की माझ्या पाटीजवळ बसायची. एकदा बाजाराच्या दिवशी हे नवा कॅमेरा घेऊन आले, म्हणाले, तपासून बघतो. ती सात वर्षांची असंल. माझा पदर डोक्यावर घेऊन, कंबरेवर हात ठेवून, माझ्यासारखी वरडून राहिली, घ्या वांगे, काटेरी वांगे, काटा माझ्या जिभेला न्हाई वांग्याला हाये. सगळा बाजार हसायला लागला. एक म्हातारा म्हणाला, ए चिमणे, वर कोथिंबीर टाक की. तर ही म्हणते, वरची पाहिजे तर वरच्याला माग. आमी बौद्ध माणसं, वरचाबिरचा मानत न्हाई, पण बोलणं माझंच होतं, तिनं उचललेलं. कॅमेऱ्यात सगळं आलं.

ती कॅसेट घरात पडून होती. नवी कॅसेट घ्यायची म्हणजे माझ्या पोटात दुखायचं. मी म्हणाले, कॉम्प्युटर आणलाय ना, तिचं शूटिंग घाला त्याच्यात आन ह्याच कॅसेटवर पुढचं लग्न काढा. त्यांनी तसंच केलं. आमची करू तवा जिती होती, बाजूला बसून भाकर खात होती. कोणाला काय ठाऊक.

तिला नववं वर्ष सरून दहावं लागलं होतं. ताप डोक्यात गेला. वसमतला नेलं, तिथून नांदेडला नेलं. मी डॉक्टरशी पण भांडले, पण तिथं भांडून काही कमी झालं न्हाई.

मग कॉम्प्युटरमधली ती पाच मिनिटं राहिली. हे दिवसाउजेडी दार लोटून एकटे बघायचे. मला बघवायचं न्हाई, मी चुलीपाशी बसून नुसतं ऐकायची. मी म्हणायची, सीडी करून ठेवा तिची. ते म्हणायचे, करतो, आधी तिचं नाव चांगलं लिहू दे. त्यांना ते नाव रंगीत, फिरत फिरत येणारं पाहिजे होतं. आमच्या कॉम्प्युटरला ते जमत नव्हतं.

तवा लग्नाचे लोक पण तेच मागून राहिले होते. नवरा-नवरी ढगातून उतरले पाहिजेत, गुलाबातून निघाले पाहिजेत, वसमतचे लोक देतात, तुमी काहून देत न्हाई. त्याच्यासाठी नवं ग्राफिक कार्ड लागतं. आमी दोघं बसनं नांदेडला गेलो. यष्टीत ह्यांनी कागद काढला, त्याच्यावर लिहिलेलं, कार्ड किती वीज खाणार, डिस्क किती, पंखे किती, खाली बेरीज. म्हणाले, कार्ड घेऊन भागत न्हाई, आतला पावर सप्लाय, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा, तो पण बदलावा लागंल. आपला जुना हाये, नव्या कार्डाचा भार त्याला झेपणार न्हाई. मी म्हणाले, काहून, चालून तर राहिला. ते म्हणाले, एका शेताच्या मोटारीवर दोन शेतं जोडली तर काय होतं? मी म्हणाले, जळते. ते म्हणाले, बस, तेच.

म्हणजे मला समजलं होतं, ताई. न समजून झालं असं न्हाई.

दुकानदार गोड बोलणारा. कार्डाचा भाव मी पाडला, पाडला, त्याचा चहा थंड झाला. मग सप्लायची गोष्ट निघाली. त्यानं दोन डबे ठेवले, एक भारीतला, एक साधा. दोन्हीवर आकडा एकच, साडेचारशे वॅट. मी म्हणाले, आकडा सारखा तर भाव काहून वेगळा? तो म्हणाला, भाभी, आकडा कोणीपण छापतो, माल अंदर होता है. मी म्हणाले, मी भाजीवाली हाये, मला माल शिकवू नका, एवढं कार्ड घेतलं, आता हा साधा डबा वरची कोथिंबीर म्हणून टाका. तो थकला होता. म्हणाला, ले जाओ.

तवा करुणाचे पप्पा हळूच म्हणाले, करुणाची आई, तो हलका हाये, आपण जडवाला घेऊ. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणाले, हलका हाये तर घरी न्यायला बरा, तुमच्यानं जड कुठं उचलतं. सगळे हसले. ते पण हसले. कागदाची घडी घातली आन खिशात ठेवली.

पंधरा-वीस दिवस बराबर चाललं. नवरा-नवरी ढगातून उतरले, लोक खुश. हे म्हणाले, एवढी लग्नं उरकली की करूचं नाव लिहितो. मग कॉम्प्युटर काम करता करता आपोआप बंद पडायचा. ढगाचं, गुलाबाचं काम लावलं की हमखास. हे म्हणाले, सप्लाय दम टाकून राहिला, मी कार्ड काढून ठेवतो, जडवाला आणू, मग लावू. मी म्हणाले, लग्नवाले दारात बसलेत, त्यांना काय बिनढगाचं लग्न देऊ का? त्यांनी कार्ड तसंच राहू दिलं.

दुपारची वेळ. लोडशेडिंग संपून लाइट आली, त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, काम लावलं. मी मेथी निवडत होते. फट्ट असा आवाज झाला, धूर निघाला, केस जळाल्यासारखा वास. मी वरडायला लागले, झालं आता, लग्नवाल्यांना काय सांगायचं. हे कॉम्प्युटरचे पेच काढून राहिले होते. आतून डिस्क काढली, शर्टावर पुसली, छातीशी धरली. आन म्हणाले, करू होती त्यात.

एवढंच म्हणाले.

ती डिस्क घेऊन नांदेडला गेले, मग हैदराबादला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, सप्लाय जाताना हिला पण घेऊन गेला, आतल्या चकत्या पण खराब झाल्यात, काही निघणार न्हाई.

मी त्या दुकानदाराकडे गेले. एकटी. असं भांडले की रस्त्यावरचे लोक आत आले. म्हणाले, फसवलं तुमी, कुजका माल गळ्यात घातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आतून दोन डबे आणले, एक माझ्या ह्या हातात दिला, एक ह्या हातात. म्हणाला, भाभी, तुमी भाजीवाल्या ना, सांगा आता. ह्या हातात वीट ठेवल्यासारखं होतं आन ह्या हातात रिकामं खोकं. तो म्हणाला, मी सांगितलं होतं, तुमच्या साहेबांनी सांगितलं होतं. फुकटच्या मालाची गॅरंटी कोण देतं?

मी दोन्ही डबे खाली ठेवले. बस पकडून आले.

मी आजपण त्याला शिव्या देते. कॉम्प्युटरचा जीव कशावर चालतो ते ठाऊक असून हलका माल दुकानात ठेवावाच काहून माणसानं? त्याचा दोष हायेच, मी सोडणार न्हाई. पण एक गोष्ट कोणाला सांगितली न्हाई, तुम्हाला सांगते. पहिल्या दिवशी पिशवीत टाकायच्या आधी तो डबा मी हातात घेतला होता. हातानं सांगितलं होतं मला. माझ्या हातानं आयुष्यात कधी खोटं वजन सांगितलं न्हाई. मला कळलं होतं, हा पोकळ हाये. पण तवा मी जिंकले होते ना, ताई. चार माणसांत जिंकलेलं परत कसं ठेवावं?

करुणाचे पप्पा मला त्यावरून आजपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. त्यांनी लग्नाचं काम सोडलं, आता पासपोर्ट फोटो काढतात. काही आणायचं झालं तर एकटे जातात, सांगितला भाव देऊन येतात. मी विचारत न्हाई कितीला आणलं. तिचा फोटो हाये घरात, मोठा केलेला. पण फोटो बोलत न्हाई. तिचा आवाज कसा होता ते मी आठवून बघते तर माझाच आवाज येतो, ती माझीच नक्कल करायची ना.

मी अजून बाजारात बसते. भाव करा, मी कमी करते, पहिल्यापेक्षा लवकर करते. पण वर कोथिंबीर टाकत न्हाई. लोक चिडतात, म्हणतात, मावशी, रीत हाये, चार काड्यांनी काय होतं? करूचं बोलणं माझ्या तोंडापर्यंत येतं, वरच्याला माग म्हणून, आन तिथंच राहतं. मी म्हणते, पाहिजे तर इकत घ्या.

तुमी एवढा वेळ बसून लिहून घेतलं, तुमची लेकरं सुखी राहोत. ही जुडी घेऊन जा, आजची हाये. न्हाई न्हाई, तशी न्हाई. पैसे ठेवा आधी. फुकट न्हाई देणार मी तुम्हाला.