एसी सोडल्याचं फळ

व्रताचं फळ वीज कंपनीकडे मागायचं नसतं, हे मला यंदा कळलं बाई. या चातुर्मासात मी दोन नेम धरले होते: एसी लावायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही. इथे परदेशात, बारमाही उकाड्याच्या तोआ पायोहमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे आणि लेक माझ्या पुण्यापायी घामाघूम. आणि नेमकं तेव्हाच कंपनीचं पत्र आलं, की दरमहा बँकेतून परस्पर कापला जाणारा हप्ता वाढवला आहे!

मी लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर. म्हटलं, घरच्यांनाही व्रताचा प्रभाव ऐकू दे.

"अगं, आम्ही एसीला हातसुद्धा लावलेला नाही. मग हप्ता वाढतो कसा?"

पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, "आंटी, हप्ता वर्षभराच्या अंदाजावर ठरतो. एसी कायमचा बंद केला असेल, तर आत्ता कमी करून देते."

ह्यांनी जोरजोरात होकारार्थी मान डोलावली. लेक इथल्या बोलीत कुजबुजली, "आई, से यस लाह!"

मी म्हटलं, "कायमचा नाही गं. कार्तिकी एकादशीपर्यंत. म्हणजे नोव्हेंबर."

"आणि मग?"

"मग काय, रात्रंदिवस लावू. घरचे दिवस मोजतायत."

"मग नवा हप्ता बरोबरच आहे, आंटी."

फोन ठेवला. निदान खरं बोलल्याचं कौतुक होईल, म्हणून मी आशेनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "पुढच्या चातुर्मासात तू मौन धर. फोन मी करतो."