तीन दिवस अडलेला तांब्या

(सन २००२. डोंगरकड्याजवळचा तांडा. शाळेशेजारी सपनाची खोली; ती इथं लहान मुलांच्या आरोग्याचं काम करते. आत सपना आणि कॅनडाहून आई चतुरासह तिला भेटायला आलेले तिचे वडील, अमृतराव.)

सपना : ते बिस्किट खाली ठेवा, बाबा.

अमृतराव : सकाळपासून एवढंच खाल्लं आहे.

सपना : तेच म्हणतेय. बारा वाजलेत, तिकडे रुख्मिणीबाईंची चूल पेटलीय, आणि तुम्ही इथं दार लोटून बिस्किटं खाताय.

अमृतराव : प्रवासात पोट जपावं लागतं.

सपना : ते परवाचं कारण झालं. परवा पोट, काल चतुर्थी. आज काय सांगू त्यांना?

अमृतराव : आवाज कमी. भिंती पातळ आहेत.

सपना : ही चतुर्थी कुठून काढलीत? आपल्या घरात बुद्धाची मूर्ती आहे. उभ्या जन्मात तुम्हाला उपास धरलेला बघितलं नाही. आणि रुख्मिणीबाईंना खुशाल सांगता, आज माझी चतुर्थी.

अमृतराव : त्या वेळी तोंडात तेच आलं.

सपना : चतुर्थी अजून सहा दिवसांवर आहे. त्यांनी माझ्यासमोर कॅलेंडर बघितलं. कोंबडं परत टोपलीखाली कोंडलं, बस. तुमच्या थापांवर जगतंय ते.

अमृतराव : उद्या सकाळी जीप येईल. वसमतला बस मिळाली की आम्ही गेलोच. एवढा अर्धा दिवस निभावून ने.

सपना : निभण्यासारखं असतं तर नेलं असतं. तांब्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं की नाही?

अमृतराव : पाळीनं जेवतेस, ते ना?

सपना : एकतीस घरं आहेत. ज्या घरी माझा तांब्या, त्या घरी माझं जेवण. मी जेवले की ती बाई तांब्या घासून पुढच्या दारात नेऊन ठेवते. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही. मला ताप होता तेव्हा पेज खोलीवर आली, पण तांब्या पुढे गेलाच. तुम्ही येणार म्हटल्यावर रुख्मिणीबाईंनी तीन घरांशी भांडून पहिली पाळी घेतली. पाहुणे जेवल्याबिगर तांब्या हलायचा नाही म्हणाल्या. तीन दिवस तो त्यांच्या ओट्यावर तसाच बसलाय. पुढची घरं मला विचारून राहिलीत.

अमृतराव : 'विचारून राहिलीत.' अगं, ही बोली जिभेवरून घालवायला मला दहा वर्षं लागली.

सपना : विषय बदलू नका. आज वजनाला सात लेकरं यायची होती. दोन आली. बाकीच्यांच्या आया दारात उभ्या होत्या, मला बघून आत गेल्या. आठ महिने मी या दारांतून आत शिरायला घालवलेत, बाबा. तुम्ही तीन दिवसांत मला ओट्यावर आणून बसवलंत.

अमृतराव : तुझ्या आईलाही तू असंच बोललीस का?

सपना : आई निदान सकाळपासून तिकडे जाऊन बसलीय.

अमृतराव : ती भिंगाचं भरतकाम बघायला गेली आहे. मी बजावून पाठवलं आहे, चहासुद्धा घेऊ नकोस.

सपना : का पण? पाणी खराब म्हणाल तर मी तेच पिते. घर मळकं म्हणाल तर रुख्मिणीबाईंची चूल आपल्या टोरोंटोच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. तुम्हाला लाज वाटते का या लोकांची?

अमृतराव : तोंड सांभाळून बोल.

सपना : मग सांगा ना. पहिल्या दिवशी हापशावर त्यांच्या सुनेनं, मिनानं, तांब्या पुढे केला. तुम्ही तो धरला नाहीत, खाली वाकून ओंजळ केलीत. तिला काय करावं कळेना. शेवटी तिनं वरून पाणी ओतलं. आणि तेव्हापासून तुम्ही बाटलीला चिकटलात.

अमृतराव : तू बघितलंस ते?

सपना : सगळ्यांनी बघितलं.

अमृतराव : मी नव्हती केली ओंजळ. म्हणजे, ठरवून नव्हती केली. समोर तांड्यातली बाई, हातात तांब्या, आणि हात आपोआप गेले. पंचेचाळीस वर्षांनी.

सपना : म्हणजे काय?

अमृतराव : तुझे आजोबा, दगडोबा, वसमतहून असल्या तांड्यांवर सांगावा घेऊन जायचे. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं. मी बरोबर असायचो. दहा मैल चालून आलं की पाणी मिळायचं, नाही असं नाही. पण वरून. भाकरी मिळायची, ती बी वरून. पदरात टाकायचे. बापाची ओंजळ गळायची, म्हणून मी खाली माझी धरायचो.

सपना : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

अमृतराव : काय सांगायचं? तुला शाळेत सोडायला जाताना सांगायचं होतं? मी नाव न ऐकलेल्या ठिकाणी तू जाशील, असं मला वाटलं होतं. लोक लेकरांना आफ्रिकेत सेवेला पाठवतात. तू नेमकी इथं आलीस.

सपना : मी मुद्दाम आले. तुमचं गाव जवळ म्हणून आले.

अमृतराव : इथं तुला कुणी आडनाव विचारलं नाही?

सपना : पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं. ते 'असं का' म्हणाले.

अमृतराव : आपलं आडनाव मराठ्यांतही आहे. त्यांनी त्यांचं काय ते ठरवलं. तू खोडलं नाहीस.

सपना : खोडायला काय आहे हे मला ठाऊक कुठं होतं? आणि आता काळ बदलला, बाबा.

अमृतराव : बदलला असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण ऐक. मी त्यांच्या घरी बसलो, जेवलो, त्यांनी विचारलं वसमतला कोणत्या गल्लीत घर, तर मी खोटं बोलणार न्हाई. खरं सांगितलं आणि मी उठल्यावर माझं ताट कुणी येगळं उचललं, तर मला काय बी व्हायचं न्हाई. मला सवय हाय. पण ते तुझ्यासमोर व्हायला नको. तू ते बघायला नको. एवढंच हाय माझं.

सपना : तुमची बोली परत आली.

अमृतराव : येऊ दे.

सपना : काल रात्री मिना माझ्याकडे आली होती. रडायचीच बाकी होती. तिनं काय विचारलं सांगू? 'सपनाताई, तुमच्या बापूला आमचा विटाळ होतो का?'

अमृतराव : माझा त्यांना?

सपना : तुमचा नाही. त्यांचा तुम्हाला. तुम्ही मोठ्या जातीचे, म्हणून तांड्याचं पाणी तुम्हाला चालत नाही, असं सगळा तांडा समजतोय. तांब्याला हात लावायला नको म्हणून तुम्ही ओंजळ केलीत, म्हणतात. अन्न टाळायला चतुर्थी काढलीत, म्हणतात. आणि मी तुमची लेक. म्हणून आया दारातून आत जातात.

अमृतराव : मी? मी विटाळ पाळतो?

सपना : तीन दिवस तुम्ही दुसरं काय केलंत?

अमृतराव : सपना, असं नको बोलू. माझ्या बापानं ऐकलं असतं तर जीव दिला असता.

सपना : मग उठा. मला राग आलाय, वाईटही वाटतंय, दोन्ही एकदम होतंय, मला नीट बोलता येत नाही. पण उठा.

अमृतराव : आणि त्यांनी विचारलं तर?

सपना : तर सांगू. मी सांगेन.

रुख्मिणीबाई : सपनाबाई, हाय का घरात? दार लोटलेलं हाय म्हून आवाज दिला.

सपना : या ना, रुख्मिणीबाई. आम्ही आत्ताच निघत होतो.

रुख्मिणीबाई : मी बसायला न्हाई आले. साहेब, उपास सुटला का?

अमृतराव : बाई, ती चतुर्थी… माझं चुकलं. मला तुम्हाला काही सांगायचं आहे. आमचं घर वसमतला ज्या गल्लीत…

रुख्मिणीबाई : ठावं हाय. तुमच्या बाईनं सांगितलं सकाळीच. गल्ली बी सांगितली, तुमच्या वडलांचं नाव बी.

अमृतराव : चतुरानं सांगितलं?

रुख्मिणीबाई : चुलीपाशी बसल्या अन् म्हणल्या, आमच्या मालकाचं मनावर घेऊ नका, त्याह्यला तुमचा विटाळ न्हाई, तुमाला त्याह्यचा होईल ह्याचं भ्याव हाय. मग परातीला हात घातला. म्हणल्या, भाकरी मी करते.

सपना : आणि तुम्ही?

रुख्मिणीबाई : खोटं काहून बोलू? माझी सासू असती तर उंबरा चढू दिला नसता. मी बी एकदम व्हय न्हाई म्हणले. परात धरूनच ठेवली. मिना माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. मला माझीच शरम वाटली. तीन दिवस आमी तुमाला नावं ठेवून राहिलो होतो, अन् ती खोट तर आमच्यातच निघाली.

अमृतराव : मग?

रुख्मिणीबाई : मग काय. हात सोडला परातीचा. लई झ्याक थापतात हो बाई, काठ कुठं फाटत न्हाई. कोंबडं बी शिजलं.

सपना : बाबा, चपला घाला.

अमृतराव : घालतो. त्याच शोधून राहिलो.

रुख्मिणीबाई : दादा, बिगी चला. पोरं सकाळधरून तुमच्या बाईच्या हातच्या भाकरी हाणून राहिलीत. चारच उरल्यात तुमच्यासाठी.